तांब्याच्या गुंडीभोवतीची फट

केजच्या माझ्या लेथवर पंपाच्या दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या नळ्या, म्हणजे बुशी, येतात. बुशीत खेळ, म्हणजे ढिलेपणा, राहिला की काम परत येतं, म्हणून घट्ट बसवणं हीच माझी ओळख. ती मी कुणाच्या वशिल्यानं मिळवलेली नाही.

मागच्या वर्षी वडवणीकडची एक मुलगी आली. आईबाप ऊसतोडीला जाणारे, ही पुण्यात पीएचडीला. तिच्याजवळ एक ड्रॉइंग होतं: धातूच्या चकतीत मधोमध बसणारी तांब्याची गुंडी. वायू विजेनं भयंकर तापवून त्याची ज्योत, म्हणजे प्लाझ्मा, त्या गुंडीवर सोडायची. गुंडी किती झपाट्यानं तापते त्यावरून पृष्ठभागाला किती उष्णता पोचते ते काढायचं.

"मामा, गुंडीच्या भवती ही जी फट हाय ना..."

"पुराण नको. भाव बोल."

अर्धा तास घासाघीस झाली. भाव मी बराच खाली आणला, पण पुढची सगळी कामं मलाच, हे वदवून घेतलं. त्यातच माझा जीव होता. बुशी करत मरायचं नव्हतं.

ड्रॉइंगमधली ती केसाएवढी फट मला पोरीची चूक वाटली. मी गुंडी दाबून अशी बसवली की हलायचं नाव नाही. तिला सांगितलंही नाही. तिनं विश्वासानं नेली.

चार महिन्यांनी ती चकती घेऊन परत आली.

"रीडिंग कमी येतंय मामा. गुंडीतली उष्णता बाजूच्या धातूत पळतीय. फट बुजवली व्हय तुमी?"

"मग ढिलं काम देऊ?" मी पाना आपटला. "लेथवर हात काळे केलेत का कधी?"

"न्हाई. ऊस तोडलाय." तिचा आवाज चढला नाही. "चार महिन्यांचं काम गेलं. आता सगळं पयल्यापासून."

आठवड्यानं मीच फोन केला. "दुसरी करून देतो. फुकट." हा शब्द गिऱ्हाइकासाठी माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

"पुण्यात टाकली मामा करायला."

"आन् पुढची कामं? ठरलं हुतं आपलं!"

"ती बी आता हितंच."

फट महत्त्वाची होती, तर तिनं त्याच दिवशी मला गप्प करून सांगायला हवं होतं, असं मी अजून म्हणतो. माझ्याशी व्यवहार करणारी माणसं आवाज चढवतात; तेव्हाच माझं लक्ष जातं. ती शेवटपर्यंत भांडली नाही. तोच राग अजून उतरत नाही.