अक्कांच्या बंगल्यातला अमेरिकन गुरुवार

मला नोकरी लागली यावर आमच्या घरात कुणाचाच विश्वास बसला नाही. माझा तर नाहीच. नुकती बी.ए. झालेली, जुन्या बेंगळुरातल्या चामराजपेटेतून एकटीनं कधी साहेबी वस्तीच्या कॅन्टोन्मेंटपर्यंत न गेलेली मी, आणि नोकरी कुठे, तर अमेरिकन शाळेत. आमचं घराणं मराठी, पण बेंगळुरात इतक्या पिढ्या मुरलेलं की वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि 'जरा थांब' च्या जागी 'स्वल्प थांब', 'बरं'च्या जागी 'सरी' तोंडात यायचं. पुण्याचे पाहुणे आमच्या बोलण्याला हसायचे. ते गेले की आम्ही त्यांच्या तोऱ्याला हसायचो.

नोकरी लागली ती अक्कांमुळे. अक्का म्हणजे अण्णांची थोरली चुलतबहीण. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही, आणि राहायला रिचमंड टाउनातला लाल कौलांचा भलामोठा बंगला. अक्का मागच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या आणि पुढचा बंगला भाड्यानं द्यायचं ठरलं. बघायला आली एक उंच, करड्या केसांची अमेरिकन बाई. तिला मराठी येत नव्हतं, अक्कांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मधे बोलायला मला बसवलं. जाताना बाईंनी मलाच विचारलं, लहान मुलांना शिकवशील का. मी अण्णांकडे न बघताच हो म्हणून टाकलं.

अण्णा वकिलाकडे कारकून. घरातही अटीशिवाय काही द्यायचे नाहीत. म्हणाले, "शाळा आहे तोवर जा. शाळा उठली की मी म्हणेन तिथे लग्नाला उभं राहायचं. सरी?" मी म्हटलं, सरी. तेव्हा मला वाटलं, शाळा काय कुठे उठते.

शाळेचा जन्म एका व्हरांड्यातला. त्या दिवसांत बेंगळुरात नवेनवे कारखाने उभे राहत होते आणि मदतीला अमेरिकन इंजिनिअर यायचे. मिशनची मंडळी तर आधीपासून होतीच. सगळ्यांच्या मुलांना तिकडच्या इयत्ता आणि तिकडची पुस्तकं हवी होती, म्हणून काही आया एका व्हरांड्यात मुलं जमवून शिकवायला लागल्या. मुलं वाढली, व्हरांडा पुरेना, आणि या करड्या केसांच्या बाई मोठ्या बाई झाल्या. त्या गणित शिकवायच्या, घंटा द्यायच्या, व्हॅन चालवायच्या, आणि नळ गळला तर पान्हाही त्यांच्याच हातात असायचा. पुस्तकं बोटीनं मद्रासला यायची. ती पोचेपर्यंत आम्ही जुनेच धडे उलटसुलट वाचायचो. वर्ष ऑगस्टात सुरू व्हायचं. कुणाच्या वडिलांची बदली झाली की एक बाक रिकामा व्हायचा, आणि नवं कुटुंब आलं की एक खुर्ची वाढायची.

माझ्या वर्गातली पोरं मला बेधडक विचारायची, "हे तुम्हाला कसं माहीत?" आमच्या शाळेत असं विचारलं असतं तर पाठीत धपाटाच बसला असता. पहिला आठवडा माझा पारा चढलेलाच होता. मग एकदा मीच विचार केला, की खरंच, मला हे कसं माहीत? त्या दिवसापासून मला शिकवण्याचं वेडच लागलं. रोज सकाळी बस पकडताना मी मनातल्या मनात गुणगुणायचे. इतकी सुखी मी त्याआधी कधी नव्हते, हे सरळ सांगते.

पण एक अट अक्कांचीही होती. भाऊ-बहीण एका माळेचे मणी. "फाटकाच्या आत मांस नको, अंडं नको. एक वर्ष बघते. पुढचं पुढे." मोठ्या बाईंनी शब्द दिला आणि अमेरिकन पद्धतीनं तो पाळायची व्यवस्था केली. फाटकासमोर, रस्त्यापलीकडे मोकळं मैदान होतं आणि तिथे रेन ट्रीचं एक डेरेदार झाड. त्या झाडाखाली बाईंनी जाळीचं कपाट ठेवलं. सकाळी व्हॅनमधून उतरलं की मुलं आधी पलीकडे जायची, डबा कपाटात ठेवायची, मग शाळेत यायची. दुपारी घंटा झाली की सगळी रांगेनं रस्ता ओलांडून झाडाखाली जेवायची आणि नळावर हात-तोंड धुऊन परत यायची. वाढदिवसाच्या केकात अंडं, म्हणून वाढदिवसही झाडाखालीच. ज्यांच्या डब्यात नुसता जॅम-पाव असायचा त्यांना आत बसायची मुभा होती, पण आत कोण थांबणार? सगळी गंमत बाहेर. येणारे-जाणारे सायकलवाले थबकून बघायचे की गोऱ्यांच्या पोरांना कुणी असं रस्त्यावर बसवलंय.

अक्का आपल्या बाजूच्या खिडकीतून हे सगळं बघायच्या. त्यांच्या नाकावर माशी बसलेली चालायची नाही. बेसबॉलचा चेंडू तुळशीपर्यंत गेला त्या दिवशी तर त्यांनी तो दोन दिवस परतच केला नाही.

अक्कांनी दिलेलं वर्ष डिसेंबरात भरत होतं. अक्का पुढच्या भाड्याचं नाव काढेनात. मोठ्या बाईंनी दुसऱ्या जागा बघितल्या, पण एवढं अंगण कुठेच नव्हतं. जागा गेली तर शाळा बंद करून मुलांना डोंगरावरच्या बोर्डिंगात पाठवायचं, असं पालक बोलायला लागले. आणि इकडे अण्णांनी एक स्थळ आणलं. मुलगा मुंबईकडचा, सरकारी कारखान्यात इंजिनिअर, घरचे सगळे सभ्य. "शाळेचं काय ते डिसेंबरात कळेल," अण्णांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मला फक्त माझा वर्ग सोडायचा नव्हता.

अशात नोव्हेंबर उजाडला. मोठ्या बाईंना अंगणात सगळ्या पालकांना बोलावून थँक्सगिव्हिंगचा सण करायचा होता. परवानगी आणायला मी मागच्या खोल्यांत गेले. अक्का शेंगा सोलत बसल्या होत्या.

"कसला गं सण?"

"अन्नाबद्दल देवाचे आभार मानायचे, अक्का."

"वार कुठला?"

"गुरुवार. दरवर्षी गुरुवारीच असतो."

अक्कांचे हात थांबले. त्या स्वतः कित्येक वर्षं दत्ताचा गुरुवार करत होत्या. "आणि खातात काय त्या दिवशी?"

मी आठवून सांगितलं. रताळी, बटाटे, लाल भोपळा, शेंगदाणे. त्या दिवशी जो मोठा पक्षी भाजतात त्याचं नाव घेतलं नाही, कारण तो फाटकाच्या आत येणारच नव्हता. तो झाडाखालचा विषय.

"भात?"

"भाताची पद्धत नाही म्हणे."

"अगं, मग सण काय म्हणतेस?" अक्का म्हणाल्या. "हा तर उपास आहे."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. खरंच की. पानात वाढून बघितलं तर आमच्या उपासाचं पान आणि त्यांच्या सणाचं पान एकच. अक्कांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. "एवढी पोरं गुरुवार धरतात आणि मला कुणी बोललं नाही. सांग त्यांना, फराळाचं मी करीन. त्यांच्या भांड्यांचा काय भरवसा?"

त्या गुरुवारी मी जे बघितलं ते आजही आठवलं की हसू फुटतं. इंजिनिअरांच्या बायका झग्यातच मांडी घालून व्हरांड्यात रताळी किसत बसलेल्या, आणि अक्का सोवळ्यात उंबऱ्याआडून "बारीक, बारीक" म्हणत सगळ्यांना झापतायत. अक्कांनी कीस केला, बटाट्याची जिऱ्याची भाजी केली, भोपळ्याची गुळातली खीर केली. शेंगा उकडल्या. केळीची पानं मांडली. अण्णांनाही बोलावलं होतं, ते धोतर सावरत एका टेक्सासवाल्याशेजारी बसले. सगळ्यांनी माना खाली घालून आभार मानले तेव्हा अक्कांनी हात जोडले, आणि मग ज्या अक्का कुणासमोर घासही घ्यायच्या नाहीत, त्या पाट घेऊन पंगतीच्या टोकाला बसल्या. मिरचीनं पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण खिरीचं पातेलं घासूनपुसून रिकामं झालं. अक्कांनीही आपलं पान संपवलं.

मग पोरं एकेक करून उठायला लागली आणि फाटकाबाहेर सटकायला लागली. एका वडिलांनी मोटारीतून झाकण लावलेलं मोठं भांडं काढलं आणि तेही झाडाकडे निघाले.

"कुठे निघाली ही वरात?" अक्कांनी विचारलं.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. अण्णांनीही बघितलं. खेळायला चाललीत, असं मी सांगितलं असतं तर खपलं असतं. वर्षभर या दोघींच्या मधे मीच बोलत आले होते, माझं म्हणणं पडताळणार कोण? पण जिनं उन्हातान्हात शब्द पाळला तिच्या नावानं मी अक्कांशी खोटं बोलू, हे मला जमेना. वर्ग जातो तर जाऊ दे, असं म्हणून मी धीर केला.

"अक्का, त्यांचा हा उपास नसतो. सण असतो. त्यात एक मोठा पक्षी भाजून खातात. तुमच्या फाटकात आणायचा नाही म्हणून तो झाडाखाली ठेवलाय. तुम्हाला उपास वाटला आणि मी गप्प बसले."

अक्कांनी फाटकाकडे मान वळवली. पलीकडे पोरं भांड्याभोवती गोळा झाली होती, आणि रस्ता ओलांडताना धाकट्यांचे हात धरायला मोठ्या बाई धावल्या होत्या.

"माझं पोट भरल्यावर गेली?" अक्कांनी विचारलं.

"हो. तुमचं जेवण होईपर्यंत थांबा, असं बाईंनी सांगितलं होतं."

"म्हणजे पहिल्या घासाला माझंच खाल्लं." त्या उठल्या आणि पदर खोचला. "दुपारीच उपास सोडतात. फार धरवत नाही वाटतं बिचाऱ्यांना." आणि त्या हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांचे दात बघितले.

मोठ्या बाई परत आल्या तेव्हा अक्का अण्णांना म्हणाल्या, "कागद करायचे तेव्हा कर, पण आत्ताच ऐक. फाटकाची अट तीच. आणि मला यांचं बोलणं कळत नाही, ही पोरगी खरं सांगते. ही इथे शिकवतेय तोवर बंगला शाळेचा. ही गेली की शाळाही गेली. सांग गं बाईंना."

मी सांगितलं. सांगून संपायच्या आतच मोठ्या बाईंनी मला सगळ्यांदेखत मिठी मारली. अण्णांसमोर लाजून मेले मी, पण सोडवून घेतलं नाही.

परतीच्या बसमध्ये अण्णा दोन्ही अटी मनातल्या मनात जुळवून बघत होते. मोठा पल्ला सरला तरी त्यांचे ओठ नुसते हलत होते. शाळा आहे तोवर ही जाणार, आणि ही जाते तोवर शाळा असणार. इतकी वर्षं वकिलाकडे काढूनही त्यातून वाट सापडेना, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

शेवटी ते म्हणाले, "आणि त्या स्थळाला काय सांगू?"

"सांगा, मुलगी भाडेकरारात आहे."

अण्णा आधी रागानं बघायला लागले, मग खांदे हलायला लागले, मग ते इतके हसले की कंडक्टर वळून बघायला लागला. डोळे पुसून म्हणाले, "सरी." दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता आणि मला सकाळची बस गाठायची होती.