मिस म्हणजे चुकणं
काल माळ्यावर आंब्याच्या रिकाम्या पेटीत बाबांची कॅसेट सापडली आणि पेंढ्याच्या वासासरशी पावसच्या घरातली ती संध्याकाळ आठवली. बाबा बोटीवर नोकरीला होते. सुट्टीवर आलेल्या सोबत्याच्या हाती त्यांनी ती पाठवली होती. शेजाऱ्यांचा टेप आणून आम्ही ऐकत होतो. कलमांना मोहर आला का, गाय व्यायली का, सगळं विचारून बाबा शेवटी घसा खाकरून म्हणाले, “आय मिस यू.” आईनं माझ्याकडे पाहिलं. पाचवीत माझं इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं. “मिस म्हणजे चुकणं. हातखंब्याला आपली एसटी मिस झाली ना, तसं.” आईचा चेहरा उतरला. “माझं काय चुकलं गो?” बाबांना विचारायचं तर ते कुठल्या समुद्रात होते, देव जाणे. ती त्या रात्री जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी समजावलं, नेम चुकला, गाडी चुकली की मिस. पण माणसाला मिस करणं म्हणजे त्याच्यावाचून चुकल्यासारखं होणं. मी धावत येऊन आईला सांगितलं. चूल फुंकता फुंकता ती थांबली. “तसं तर मला रोजच होतं,” ती म्हणाली, “त्याला शब्द आहे होय?” आता दोघंही नाहीत, कॅसेट लावायला टेपही नाही, ती नुसती हातात धरून मी बसले होते.