मालक कुठायत?

चष्मा कपाळावर सरकवून मेडिकलवाले आण्णा आधी दुकानात आलेल्या बाईच्या मागं बघायचे, तिचा नवरा आलाय का म्हणून. मग भर दुकानात विचारायचे, "मालक कुठायत?"

आमच्या माण तालुक्यातल्या गावात मेडिकल एकच, त्यांचं. समोर माझी पिठाची गिरणी. गावातल्या निम्म्या बायकांचे मालक मुंबईला कामाला, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण बाईनं पाळीचं, गोळीचं काही मागितलं की हा प्रश्न ठरलेला. पॅडचा पुडा द्यायचे तोही वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि चेहरा असा की मेलेला उंदीर उचललाय. शिसारी यायची मला.

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तेही नाही. तापल्या पोरासाठी कुठल्याही वेळी शटर उघडायचे. तुमच्याही गावात असेल बघा असा एखादा सज्जन. गेल्या साली ते वारले. "आयाबहिणींचा आधार गेला," लोक म्हणाले शोकसभेत. मी उठून घरी आले.

ते असतानाची गोष्ट. सुवर्णा आमच्या गल्लीतली. दुसरं बाळंतपण पोट फाडून झालेलं. इतक्यात परत दिवस जाऊ देऊ नकोस, जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. जत्रेला नवरा आला, परत गेला. दुसऱ्या दिवशी तोंडाला पदर लावून ती मेडिकलात पुटपुटली, "आण्णा, दिवस ऱ्हाऊ नयेत म्हणून गोळी असती, ती हाय का?"

"मालक तर काल गाडीत बसले. मग गोळी कुणासाठी गं?"

बाकड्यावरचे बाप्ये खिदळले. मेले, लाज नाही! सुवर्णा खोकल्याची बाटली घेऊन परतली. तिच्या घरात कुणालाच खोकला नव्हता.

दिवस राहिलेच. कुणीतरी दिलेला मुळीचा काढा तिनं गुपचूप घेतला, आणि अंगावरून जायला लागलं ते थांबेना.

साताऱ्याला न्यायला गाडी कुणी काढली? त्यांनीच. मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पुसेगाव ओलांडलं आणि ती गार पडली. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि लहान पोरागत रडले. खरंच रडले.

"आवं, एवढं होतं तर माझ्याकडं यायचं तरी हिनं! मी काय परका हाय?"

"आली होती की."

त्यांनी वळून चष्मा कपाळावर सरकवला. "कवा?"

त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. तोंडावर थुंकावंसं वाटलं मला. पण मांडीवर सुवर्णा होती.