मावशी आणि तिची भित्री घोडी

माझ्या धाकट्या मावशीइतक्या मनापासून आणि इतक्या मोठ्या आवाजात घाबरणारं माणूस साऱ्या भाईंदरमध्ये दुसरं नव्हतं. बाकीची माणसं आपली भीती लपवतात. मावशी ती पाहुण्यांना चहाबरोबर द्यायची. परळची खोली सोडून ती भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहायला आली. लग्न केलं नव्हतं, विमा कचेरीत नोकरी होती. लिफ्ट अडकेल म्हणून ती जिन्याने चढायची आणि छातीत कळ येईल या भीतीने दुसऱ्या मजल्यावरच्या शहाबेनची बेल वाजवून सांगायची, "मी इधरतक पोचलीय हां, अजून दो माळे बाकी आहेत." कुकर गॅसवर चढवला की ती गॅलरीत जाऊन दार लावून घ्यायची आणि शिट्ट्या काचेतून ऐकायची. माझ्या स्कूटरवर मागे बसली की माझ्या कानात सतत चालू असायचं, "खड्डा. कुत्रा. रिक्षा. अरे, ती बाई वळतेय, ती बाई वळतेय!" तिच्यामुळे मला कधी अपघात झाला नाही हे खरं, पण तिला सोडून घरी आलो की मी स्वतःच्या जिन्यातही दोन्ही बाजूंना बघून चढायचो.

अशी ही बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर घोड्यावर बसायला लागली. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने आधी मलाच तापबीप आहे का ते पाहिलं.

झालं असं, की एका संध्याकाळी तिच्या सोसायटीच्या गेटासमोर वरात थांबली. बँड जोरात, फटाक्यांची माळ लावलेली आणि मधोमध झूल घातलेली पांढरी घोडी. मावशी भाजीची पिशवी घेऊन भिंतीला चिकटून उभी होती. फटाक्यांना भ्यायची ती आधी ठरल्याप्रमाणे भ्याली, आणि मग तिचं लक्ष घोडीच्या पायांकडे गेलं. पाय थरथरत होते. मला तिने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं ते असं: "अरे, ती माझ्याएवढी घाबरली होती रे. आणि कुणाला सांगता पण येत नव्हतं तिला."

मावशीने त्या घोडीवाल्याचा पत्ता काढला. मोरवा गावाच्या पुढे, उत्तनच्या रस्त्याला, एका मोकळ्या जागेत पत्र्याची शेड आणि लाल मातीचं मैदान होतं. तिथे काही हौशी मंडळी मिळून रविवारी सकाळी घोडेस्वारी शिकायची: एक दातांचा डॉक्टर, एक निवृत्त शाळामास्तर, मीरा रोडच्या दोघी जावा. त्यांनी त्याला क्लब असं नाव दिलं होतं. शिकवणारे उस्ताद म्हणजेच तो घोडीवाला; वराती त्यांनी सोडत आणल्या होत्या आणि पांढरी घोडी त्यांचीच. मावशी पहिल्या रविवारी फक्त गाजरं द्यायला गेली. हात लांब करून, डोळे मिटून, तोंडाने "चावणार नाही ना? चावेल. नाही चावणार," असं म्हणत तिने पहिलं गाजर दिलं. उस्ताद हसून म्हणाले, "मॅडम, घोडे जैसा डरपोक जानवर दुनिया में नहीं. पत्ता हिला तो भागेगा." हे ऐकून मावशीला इतकं बरं वाटलं, की ती पुढच्या रविवारीही गेली आणि त्याच्या पुढच्याही.

मग ती चढलीच. अंगावर सलवार-कमीज, पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्याला माझं स्कूटरचं हेल्मेट आणि कमरेला बांधलेल्या बटव्यात आयोडिन, कापूस, मीठ-साखरेची पुडी आणि एक शिट्टी. घोडीला ती "ताई" म्हणायची, तेही अहोजाहो करून. "ताई, जरा हळू हं, मी नवीन आहे." जावा तोंडाला ओढणी लावून हसायच्या. पण मैदानातल्या कुठल्याही घोड्यापेक्षा ती घोडी शहाण्यासारखी चालायची, कारण वाटेतली प्रत्येक भीती मावशी तिला आधीच सांगून ठेवायची. "ताई, पुढे प्लास्टिकची पिशवी उडतेय, काही नाही, पिशवीच आहे." घोडीचे कान मागे वळायचे, ऐकायचे आणि परत पुढे व्हायचे.

या सगळ्यात माझं काम एकच होतं, तिला नेणं आणि आणणं. "तिला काही झालं तर या घरात पाऊल टाकू नकोस," असं आईने मला बजावलं होतं. त्यामुळे दर रविवारी मैदानाच्या कडेला बसून मावशीच्या वाटणीचंही मीच घाबरायचो.

हिवाळ्यातल्या एका रविवारी मंडळींनी घोडे घेऊन उत्तनजवळच्या पालीच्या किनाऱ्यावर जायचं ठरवलं. मी स्कूटरवर मागे होतो. पालीच्या त्या अरुंद गल्लीत सगळे एकामागे एक चालले होते. मावशी शेवटची. कुणाच्या तरी घरी लग्न होतं. आम्हाला दिसला नव्हता, पण दाराआड बँड उभा होता, आणि त्याने एकदम ढोलावर टिपरी मारली.

घोडी जागच्या जागी उडाली. मग जी सुटली ती बाकीच्या घोड्यांना खेटून गल्लीतून थेट किनाऱ्याकडे. मी स्कूटर तशीच आडवी टाकून पळालो. गल्ली संपते तिथे पोचलो तेव्हा मावशी रिकिबीतून एक पाय सुटून एका बाजूला कललेली होती. पुढे बोंबील सुकत घातलेल्या बांबूच्या वलांड्या, होड्यांचे ताणलेले दोर, त्यापलीकडे काळे खडक. मागून उस्ताद ओरडत होते, "खींचो मत! एक हाथ से गोल घुमाओ! गोल!"

आणि मला मावशीचा आवाज ऐकू आला. ती किंचाळत नव्हती. कापऱ्या, चिरक्या आवाजात, स्कूटरवर माझ्या कानात सांगते तसं, घोडीला सांगत होती, "ताई, पुढे दोर आहे. डावीकडे. ताई, होडी आहे, होडी. ताई, मी पण घाबरलेय हो, आपण दोघी वळू या." घोडीचा एक कान मागे वळला. मावशीने डावा लगाम मांडीकडे ओढला. घोडी दोराच्या अगदी जवळून वळली, मोठं वर्तुळ घेतलं, मग त्याहून लहान, मग त्याहूनही लहान, आणि शेवटी गुडघाभर पाण्यात फुरफुरत उभी राहिली.

मावशी खाली उतरली आणि तशीच पाण्यात बसली. जाळं विणणारी एक कोळीण धावत आली, तिला काखेत धरून उठवत म्हणाली, "घाबरू नको बाय, काय न्हाय झाला." उस्ताद धापा टाकत पोचले. "मॅडम, कमाल! आप जरा भी डरी नहीं!"

तेवढ्याने मावशी भडकली. "काय नहीं डरी? बहुत डरी! मैं मरते मरते वाचली! किसीको बोलना मत की मैं नहीं डरी!" आणि मग घोडीच्या ओल्या मानेवर डोकं टेकून तिने रडून घेतलं. मी दोघींना धरून उभा होतो. कोण जास्त थरथरतंय ते मला कळत नव्हतं, बहुतेक मीच.

दोनेक वर्षांत त्या जागेभोवती पत्रे उभे राहिले, बिल्डरची पाटी लागली आणि क्लब मोडला. उस्तादांनी घोडी वाडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला दिली, तिथे ना वरात ना बँड. नेण्यासाठी टेम्पो आला. घोडी फळीवर पाय ठेवीना. तेव्हा मावशी आधी स्वतः टेम्पोत चढली आणि म्हणाली, "या ताई." घोडी आली. मग मावशी उतरलीच नाही. हायवे, खाडीवरचा पूल, घाईतले ट्रक, सगळं तिने मागच्या हौद्यात उभं राहून, घोडीच्या कपाळावर हात ठेवून पार केलं. मी स्कूटरवर मागे होतो. तिचे ओठ सतत हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते.

शेतावर आत मावशीच गेली, मी रस्त्यावरच थांबलो. परतीला ती माझ्या मागे बसली. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "उतरल्यावर घोडी राहिली का नीट?"

"उतरली ती सरळ गवताला लागली," मावशी म्हणाली. "मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. बरं झालं ना?"

मी म्हटलं, "बरंच झालं."

चहा निवून गेला. ओढणीला चिकटलेले घोडीचे पांढरे केस ती एकेक करून वेचत राहिली, आणि वेचलेला एकही केस तिने खाली टाकला नाही.