पाळीची धरलेली तारीख

मुकी बाई मेघापुढे बसली तर तीही दोन शब्द बोलून उठेल, असं तिच्या कामाच्या ठिकाणी म्हणत. रामदासपेठेतल्या एका रुग्णालयात स्त्रीबीज वाढवणाऱ्या नव्या गोळीचा अभ्यास चालला होता. मूल होत नसलेल्या बायकांना बोलतं करायचं आणि त्यांची माहिती घ्यायची, हे काम मेघाचं. फक्त सासू शेजारी बसली की सुनेचं तोंड शिवलेलं. मग पाळीची तारीखसुद्धा सासूच सांगायची! मेघा हसून ती लिहून घ्यायची. मोठ्या माणसाला कोण अडवणार?

गोळी पाळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू करायची, हा नियम. उशीर झाला की औषध पाण्यात. तीन पाळ्या होऊनही बीज वाढलं नाही, तर बाईला अभ्यासातून मोकळं करायचं आणि सांगायचं, आता दुसऱ्या बाईचं बीज घेतल्याशिवाय इलाज नाही.

कळमेश्वरच्या पुढच्या एका खेड्यातल्या देवकीवर आज तीच वेळ आली होती. तिसरी सोनोग्राफीही कोरी निघाली. आत अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर, मुग्धा मॅडम, शेवटचा अहवाल बघत होत्या. बाहेर बाकावर सासू शोभाताई ऐटीत बसल्या होत्या. डॉक्टरांचा शब्द आला की सोडचिठ्ठी, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं. पोराच्या आईला दुसऱ्याच्या पोरीची दया कुठून येणार!

देवकी रडत नव्हती, त्यानं मेघाला जास्तच कसंतरी झालं. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "गोळी सुरू केली तेव्हा लय रक्त जात होतं का?"

"रक्त कुठलं ताई? तवा तर मी न्हाऊन सैपाकाले लागली होती."

"दुसऱ्याच दिवशी?"

शोभाताई मध्येच म्हणाल्या, "न्हाल्यापासूनच धरतो ना वं आम्ही! त्याच्या आधी चार दिवस ते बाजूले बसते. त्या दिवसाईची गिनती कोण करते? काहून, तुमच्या घरी नाही करत?"

मेघाच्या घरी खरंच नव्हते करत. तिचे आजोबा, दादाजी, छप्पन्न साली बौद्ध झाले आणि त्यांनी घरात बजावलं की इथं यापुढे पाळी आली म्हणून कोणी बाजूला बसणार नाही. पुढच्या दोन पिढ्यांतली एकही बाई बसली नाही. त्यामुळे बाजूला बसण्याचे दिवस कोणी तारखेतून गाळत असेल, हे मेघाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. घोडं पेंड खात होतं ते इथं. दुसरा दिवस म्हणून दिलेली गोळी देवकीच्या पोटात सहाव्या दिवशी जात होती.

आणि एकट्या देवकीच्याच का? किती सासवांनी किती तारखा सांगितल्या होत्या!  मेघा गप्प राहिली तर कुणाला कळणार नव्हतं. बोलली तर दोन वर्षांच्या कामावर पाणी आणि नोकरीही जाणार. तिला दादाजींचाही क्षणभर राग आला, आणि त्या रागाची लगेच लाज वाटली.

ती दार न वाजवता आत गेली. "मॅडम, सही करू नका. मी तारखा चुकीच्या घेतल्या."

सगळं ऐकून मुग्धा मॅडमचा चेहरा उतरला. "फक्त देवकीचीच ना?"

"सासवांनी सांगितल्या त्या साऱ्याच चुकल्या असतील. मी सुनांना कधी विचारलंच नाही."

"दोन वर्षं, मेघा! कळतंय का तुला?"

"कळून राहिलं, मॅडम."

मॅडमनी सही न करता अहवाल मिटला. मग कोरड्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या नोकरीचं मी आज काही सांगत नाही. देवकीला पुन्हा पहिल्यापासून घे. आणि ज्यांना आपण घरी पाठवलं, त्यांना फोन लाव. आत्ता."

बाहेर येऊन मेघानं शोभाताईंना बजावलं, "काकू, पुढच्या वेळी रक्त दिसल्या दिसल्या देवकीनं स्वतः मले फोन करायचा."

"बाजूले बसली असताना फोनले हात लावन ते?"

"लावीन," देवकी म्हणाली. सासूला उलटून ती पहिल्यांदाच बोलली होती. 

पहिला फोन सुमतीला. तिची तारीखही सासूनंच सांगितली होती, आणि मागच्या हिवाळ्यात तिला मोकळं केलं होतं. आता ती माहेरी होती. मेघानं काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"मंग दोष माया नव्हता?"

"आता सांगता येत नाही, सुमतीताई. औषधच चुकीच्या दिवशी दिलं. चूक आमची."



"नवऱ्यानं दुसरी आणली, ताई," सुमती म्हणाली. "डॉक्टरीणबाईनंच सांगतलं का हे वांझ आहे, असं त्याईनं साऱ्या गावाले सांगतलं. आता मले एकटीले फोनवर सांगून काय करता? त्याच गावात या, अन् साऱ्याईसमोर सांगा."



"येतो," मेघा म्हणाली. "अन् मॅडमलेही घेऊन येतो."