सोमलिंग मालकाची निवडणूक

होटगीपलीकडच्या त्या गावात सोमलिंगाला कशाची म्हणून ददात नव्हती. काळीभोर जमीन, दावणीला धिप्पाड बैल, शांतम्मासारखी शहाणी बायको. पण या सगळ्याचं सुख काही त्याला लागलं नाही, कारण भिंतीला भिंत लावून चुलतभाऊ निंगप्पा राहत होता.

दोघं एकाच मठात अक्षरं गिरवायला बसले. स्वामींनी निंगप्पाला शाबासकी दिली, आणि सोमलिंगाच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही. पुढं निंगप्पा तालुक्याच्या लोकल बोर्डावर निवडून गेला. त्यानं स्टेशनापर्यंत सडक आणली. त्या वर्षी कारहुणवीला, बैलांच्या सणाला, वेशीतून पहिली बैलजोडी निंगप्पाची गेली. मान खरा थोरल्या घराचा, म्हणजे सोमलिंगाचा. पंचांनी त्याला साधं विचारलंसुद्धा नाही. त्याचा नुसता जळफळाट झाला.

तो जळफळाट निघाला जमिनीवर. निंगप्पाचा कुठं सत्कार झाला, की हा एक रान विकत घ्यायचा. येडूचं ओढ्याकाठचं घेतलं, मग धोंडीरामचं, मग त्याच्या शेजाऱ्याचं. मात्र विकणाऱ्याला त्यानं कधी देशोधडीला लावलं नाही. त्याच रानात वाट्यानं ठेवायचा, लेकीच्या लग्नात स्वतः उभा राहायचा. माणसं त्याच्यासाठी जीव टाकत. निंगप्पापेक्षा आपली माणसं जास्त, या एका गोष्टीनं त्याला झोप लागायची.

एकोणीसशे तेहतीस साली तो स्वतःच बोर्डाला उभा राहिला.

"तुमाला बोर्ड पायजे, का निंगप्पाची खुर्ची?" शांतम्मानं विचारलं.

"त्याची खुर्ची," तो म्हणाला. बायकोशी तो खोटं बोलत नसे.

मतदानाच्या दिवशी हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं जेवण झालं. गाड्या भरभरून माणसं निघाली, सोमलिंगाच्या नावाचा गजर करत. केंद्रावर कारकुनानं येडूला विचारलं, "जमीन कुणाच्या नावावर?"

"मालकाच्या की."

"मग तुला मत नाही. सरकारात शेतसारा भरतो त्यालाच मत."

येडू परतला. त्याच्यामागचा परतला, त्याच्याही मागचा परतला. निंगप्पाची माणसं मात्र टीचभर तुकड्यांची का होईना, मालक होती. ती आत जाऊन मत टाकून आली. सोमलिंग बाभळीखाली उभा राहून बघत होता. निंगप्पा जवळ येऊन म्हणाला, "अण्णा, उनात उभा हाईस, पानी पी." ते गोड बोलणं त्याला चाबकासारखं लागलं.

निंगप्पावरचा राग सोमलिंगानं येडूवर काढला. "इतकी वर्सं माजं खाल्लंस, आन् एक मत न्हाय देता आलं?"

येडू गोंधळला. त्याला मालकाचं खरंच वाईट वाटत होतं.

"कुटनं देऊ, मालक? रान हुतं तवर मत हुतं. दोनी बी तुमालाच दिलं की."