पियानोत राहिलेली अक्षत

"काका, बाबा इज गॉन..." ईराचा फोन आला तेव्हा मी घरूनच ऑफिसची मीटिंग करत होतो. माझा मित्र मनोज इथे परदेशात, आमच्याच टार्निट उपनगरात, चार गल्ल्या पलीकडे राहायचा. तरी त्याचा अंत्यविधी मी लॅपटॉपवर पाहिला, कारण लॉकडाउनमुळे मोजक्याच माणसांना परवानगी होती.

पण त्याच्याबद्दल रडवेलं लिहायचं तर हात थांबतो. हा माणूस आठवतो तो उत्साहानं उतू जातानाच! लॉकडाउनच्या थोडं आधी त्यानं एक जुनापुराणा अमेरिकन ग्रँड पियानो आणला, गाडी रस्त्यावर काढली आणि गॅरेज त्याला दिलं. स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर, सुराचा गंध नाही. लेकीनं, ईरानं, तो वाजवावा एवढाच ध्यास. आम्ही चौघा मित्रांनी आतली बिडाची चौकट उचलून दिली, त्यानं खालचा, सूर घुमवणारा लाकडी साउंडबोर्ड दुरुस्त केला, आम्ही चौकट परत बसवली. मग लॉकडाउन लागला आणि रोज व्हिडिओ कॉल. "अरे, ही कड बघ! मेपलच्या पातळ पट्ट्या सरस लावून एकत्र वाकवल्यात. आणि ही चौकट तारांचा कित्येक टन ताण झेलते, म्हणून बोर्ड मोकळा गातो. काय डोकं चालवलंय लेका!" मी हो हो म्हणायचो आणि इकडे माझी फोडणी करपायची.

नव्या तारा चढल्यावर तो कुणाला चहाचा कपही जवळ आणू देईना. अशा माणसानं खंडेनवमीला काय करावं? हत्यारांची पूजा चालली होती. पुण्याहून त्याच्या आई व्हिडिओवर म्हणाल्या, "त्या वाद्यावरही वाहा रे अक्षता." यानं झाकण उघडं असताना मूठभर वाहिल्या! बाकी सगळ्या व्हॅक्यूमनं निघाल्या, एक चौकटीखाली अडकली. मधला एक सूर किर्रर्र करू लागला.

ईरा एकदाच पट्टी दाबून उठली. "इट्स ब्रोकन, बाबा. फिक्स इट, देन आय'ल प्ले."

"नो वरीज," तो म्हणाला. पण चौकट उचलायला आम्ही हवे आणि घरात पाहुण्यांना बंदी. लॉकडाउन उठला, आम्ही दिवस ठरवेपर्यंत पुन्हा लागला... आणि मध्येच त्याच्या हृदयानं दगा दिला. लेकीचं वाजवणं त्याला ऐकायला मिळालं नाही, हे मला फार लागलं.

गेल्या आठवड्यात बंदी उठली. आम्ही चौघं ट्यूनरला घेऊन गॅरेजमध्ये जमलो. तो पहिली तार सैल करणार, इतक्यात ईरा पुढे आली.

"काका, डोन्ट. लीव्ह इट."

ती बसली आणि सगळ्यात आधी तीच पट्टी दाबली. किर्रर्र...

"इट्स नॉट ब्रोकन, बाबा," ती म्हणाली, आणि वाजवत सुटली.